आंबळखोऱ्यात मदतीची गरज नाही

सरकारी दवाखान्यात एकाचं काम दुसऱ्याने उरकायची पद्धत इतकी जुनी आहे की ती कुणाला लबाडी वाटतच नाही. डॉक्टर ओपीडीत अडकले की मीटिंगच्या रजिस्टरवर त्यांची सही सिस्टरने ठोकायची. वरून ऑनलाइन प्रशिक्षणाचा फतवा आला की सगळ्यांच्या नावाने व्हिडिओ सिस्टरने चालू ठेवायचे आणि शेवटचे दहा प्रश्नही तिनेच सोडवायचे. आंबळखोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात ती सिस्टर म्हणजे मी, शालन येवले. 'आग लागल्यास काय करावे' या परीक्षेत मी एकाच दुपारी अकरा वेळा पास झाले आहे. आग विझवायचं नळकांडं आमच्याकडे कुठे ठेवलंय, ते मात्र मला शिपायाला विचारावं लागतं.

म्हणून फेब्रुवारीत पट्ट्या आल्या तेव्हाही कुणाला वेगळं काही वाटलं नाही. जिल्ह्याहून एक मुलगी खोकं घेऊन आली. खोक्यात मनगटावर बांधायच्या पाच पट्ट्या होत्या: दोन डॉक्टरांच्या, दोन तरुण सिस्टरांच्या आणि एक माझी. प्रत्येकाने आपली पट्टी बांधून वीस मिनिटांची चाचणी द्यायची होती. त्या दिवशी नेमकी घाटात वऱ्हाडाची गाडी कलंडलेली. आमच्या सर्जन, डॉक्टर केतकी खैरमोडे, ऑपरेशन थिएटरच्या दारात हातमोजे घातलेले हात वर धरून म्हणाल्या, "सिस्टर, ते चाचणीचं तुम्हीच उरकून टाका ना. माझं, मुल्लासरांचं, सगळ्यांचंच." मुल्लासर म्हणजे भूलतज्ज्ञ डॉक्टर इम्तियाज मुल्ला. त्यांनी आतूनच हात जोडून दाखवले. जिल्ह्याच्या मुलीला संध्याकाळपर्यंत आणखी तीन दवाखाने गाठायचे होते. तिने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

पहिली पट्टी केतकीमॅडमची. पडद्यावर लाल ठिपका उमटला की बटण दाबायचं, हिरवा उमटला की दाबायचं नाही. माझा चष्मा घरी राहिलेला. ठिपका लाल की हिरवा हे ठरवून बोट हलेपर्यंत पुढचा ठिपका यायचा. मग शंभरातून सात-सात वजा करत जायचं होतं, तिथे मी बहात्तरवर अडकले. दुसरी पट्टी मुल्लासरांची, ती जरा बरी गेली. नंतर दोघी पोरींच्या आणि शेवटी माझी. तोवर बोट सरावलं होतं आणि वजाबाक्या तोंडपाठ झाल्या होत्या. "छान हं काकू," ती मुलगी म्हणाली. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

पट्टीमागचं शास्त्र मला पुढे नीट कळलं, ते इथेच सांगून टाकते. माणूस फार जागला की त्याचा मेंदू सगळाच्या सगळा एकदम झोपत नाही, तुकड्यातुकड्याने झोपतो. डोळे उघडे असतात, पाय चालत असतात, तोंड बोलत असतं, आणि आतला एखादा कोपरा दोन-चार सेकंद चक्क निजलेला असतो. तेवढ्यात हाताने काय केलं याची त्या माणसाला खबरही नसते. आणि थकव्यात सगळ्यात आधी जाते ती स्वतःचा थकवा ओळखायची अक्कल. प्यालेला माणूस 'मला चढलेली नाही' म्हणून शपथा घेतो ना, तसंच. पट्टी नाडीची लय, घामातली रसायनं, बोटांची बारीक थरथर टिपायची, दर तासाला मनगटावर चार ठिपके उमटवून बोट किती चटकन हलतं ते बघायची, आणि हे सगळं तुमच्या ताज्या दिवसाच्या मापाशी ताडून शंभरापैकी एक आकडा द्यायची. ताज्या दिवसाचं माप म्हणजे ती वीस मिनिटांची चाचणी.

पूर, दरड, भूकंप असं काही झालं की राज्यभरातल्या पट्ट्या एका जाळ्याला जोडल्या जायच्या. जाळ्याचं नाव 'सोबत'. त्याआधी मदत जायची ती ज्याचा फोन लागेल त्याच्याकडे, नाहीतर जो जास्त ओरडेल त्याच्याकडे. आणि डॉक्टर-सिस्टर स्वतःसाठी कधीच ओरडायचे नाहीत. पेशंटसाठी सलाइन मागतील, रक्त मागतील, पण 'आता आमच्याने होत नाही' असं तोंडातून काढणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून 'सोबत'ने मागण्याची भानगडच ठेवली नाही; बोलायला मदत-कक्ष होता, पण तुकडी कुठे धाडायची ते आकडाच ठरवायचा. ज्या दवाखान्याची सरासरी पंचेचाळीसच्या खाली घसरेल तिथे ताज्या माणसांची तुकडी हेलिकॉप्टरने आपोआप निघायची. आणि एखाद्याचा आकडा तिसाच्या खाली गेला की भुलीची, अफूची, हृदय थांबवू शकणारी औषधं ठेवलेलं पोलादी कपाट त्याच्यासाठी उघडायचं नाही. सोय चांगली होती. आजही मी तिला चांगलीच म्हणते.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला भूकंप झाला. आमच्या खोऱ्याला जमीन हलायची सवय आहे; भांडी वाजली की हातातला कप घट्ट धरायचा आणि चहा पुरा करायचा, एवढंच आम्ही करतो. या खेपेला कप धरायला हात सापडेना. दवाखान्याची नवी इमारत तग धरून राहिली. मागची क्वार्टर्स कोसळली. केतकीमॅडमच्या क्वार्टरचं छप्पर त्यांच्या पलंगावर पडलं होतं. त्या ड्युटीवर होत्या म्हणून वाचल्या. त्यांनी खिडकीतून एकदा तिकडे पाहिलं आणि पहिल्या जखमीला टाके घालायला घेतले. घाटाचा रस्ता दोन ठिकाणी दरीत गेला. संध्याकाळपर्यंत साठ खाटांच्या जागेत एकशे नव्वद माणसं होती, आणि त्यांना बघायला आम्ही पाच जण.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं हेलिकॉप्टर आलं. सगळे बाहेर धावले. ते आमच्या डोक्यावरून पलीकडच्या खोऱ्यात गेलं. तासाभराने दुसरं आलं, तेही गेलं. मुल्लासर आत येऊन भिंतीवरच्या 'सोबत'च्या पडद्यासमोर उभे राहिले. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा होता, आणि आमच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: आंबळखोरे, सरासरी छप्पन्न, मदतीची गरज नाही.

"गरज नाही?" मुल्लासर म्हणाले. "आम्हाला काय वाळीत टाकलंय? सिस्टर, त्या मशीनला सांगा, मी काल सकाळपासून बसलेलो नाही."

"सर, तुमचा आकडा किती आहे?" मी विचारलं.

"एकसष्ट. म्हणजे ठीकच आहे म्हणायचं." असं म्हणून ते बेसिनकडे गेले आणि ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं. तोंड पुसून ते परत कामाला लागले.

माझी पट्टी तेव्हा एकतीस दाखवत होती. 'विश्रांती घ्या' म्हणून ती सारखी थरथरायची आणि दोघी पोरी मला हसायच्या, "काकू, तुम्ही खरंच जरा पडा. वय झालं तुमचं." ओकणारा माणूस एकसष्ट, आणि त्याला पाणी देणारी मी एकतीस. बेसिन धुता धुता मला फेब्रुवारी आठवला. मॅडमची पट्टी बांधून चष्म्याविना ठिपके शोधणारी मीच मला दिसले. चौपन्न वर्षांच्या, बिनचष्म्याच्या बाईच्या गतीला ती पट्टी तेहतीस वर्षांच्या सर्जनची ताजी गती समजून बसली होती. मॅडम कितीही दमल्या तरी तेवढ्या मंद व्हायला त्यांना वेळ लागणार होता. तोपर्यंत त्या हिरव्याच राहणार होत्या, मुल्लासरही, पोरीही. आणि हेलिकॉप्टरं आमच्या डोक्यावरूनच जाणार होती.

मी गप्प राहिले. कारणं दोन होती. एक म्हणजे, चाचण्या खोट्या आहेत असं कळवलं तर पट्ट्या रद्द होतील, कपाटाला कुलूप लागेल, आणि मदत पोचेपर्यंत कुणालाही भूल देता येणार नाही. दुसरं म्हणजे, अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर साधी नोटीस नव्हती. पेशंटचा विचार आधी आला असं सांगायला मला आवडलं असतं. पण आधी नोटीसच आठवली. रात्र कशी गेली ते मला विचारू नका. जमीन दर तासा-दोन तासाला हलत होती आणि प्रत्येक धक्क्याला मला वाटायचं, आता तरी सांगून टाकावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सव्वाएकला चार माणसं घोंगडीच्या झोळीतून रंजना साबळेला घेऊन आली. रंजना म्हणजे वरच्या वाडीची आशाताई. तिला नाडी बघायला मी शिकवलं, बाळाचं वजन करायला मी शिकवलं. भूकंपानंतर ती वाडीतल्या पडक्या घरांतून माणसं काढत होती. आदल्या संध्याकाळी आणखी एका मोठ्या धक्क्याला उपकेंद्राची भिंत तिच्या डाव्या पायावर आली. सकाळी दहाला तिला भिंतीखालून काढलं आणि तिथून तीन तास झोळीत.

"बाई, ह्यो पाय माजा न्हाईच असं वाटतंय," ती म्हणाली. ती पूर्ण शुद्धीवर होती. "बोटं हलवा म्हनत्यात, म्या हलवतीया, पर ती हलंनात."

पोटरी दुधीभोपळ्यासारखी फुगून टणक झाली होती. दाबाखाली चेंगरलेला स्नायू मोकळा झाला की सुजतो, पण त्याच्यावर एक चिवट वेष्टण असतं, ते काही ताणत नाही. आतल्या आत दाब वाढतो, रक्त पोचत नाही आणि स्नायू मरतो. उपाय एकच. ते वेष्टण लांब चिरून दाब मोकळा करायचा, आणि तेही वेळेत. शिवाय चेंगरलेल्या स्नायूतून पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदयाची लय बिघडवतं, म्हणून आधी कॅल्शियम द्यावं लागतं.

केतकीमॅडमनी पाय चाचपला, तळव्याला टाचणी टोचून पाहिली. "तीनपर्यंत चिरलं तर पाय वाचेल," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "त्यानंतर नाही. टेबल तयार करा. मुल्लासर, आलोच आपण. आधी कॅल्शियम देते."

दीड वाजला होता. मी हत्यारं मांडत होते. मॅडम माझ्या मागून पोलादी कपाटाकडे गेल्या, त्यांनी मनगट पुढे धरलं, हिरवा दिवा लागला, दार उघडलं. मी मान वळवली ती एवढ्यासाठी, की कॅल्शियम त्या कपाटात नसतंच. ते बाहेरच्या ट्रेमध्ये असतं, आमच्या हाताशी, गेली कित्येक वर्षं. मॅडमनी एक काचेची कुपी काढली, फोडली, सुईत औषध भरलं, वरची हवा काढली. हात अगदी स्थिर होता. डोळे उघडे होते. त्या रंजनाच्या सलाइनकडे निघाल्या.

मी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरचा हात मी असा धरला नव्हता.

"मॅडम, काय भरलंत?"

"कॅल्शियम."

"कुठून घेतलंत?"

"ट्रेमधून. का? सोडा ना हात, वेळ जातोय."

मी रिकामी कुपी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी वाचलं. परत वाचलं. ती पोटॅशियमची होती. आधीच पोटॅशियमने भरलेल्या रक्तात ती गेली असती तर रंजनाचं हृदय मिनिटभरात थांबलं असतं.

"ही मी नाही काढली," त्या म्हणाल्या.

"मी बघितलं काढताना."

"मी कपाटाकडे गेलेच नाही, सिस्टर."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली, ओठ चावला आणि स्वतःला सावरलं. "बरं. एक चूक झाली. तुम्ही पकडलीत ना? मग पुढेही तुम्ही बाजूला उभ्या राहा आणि बघत राहा." त्यांनी पट्टी माझ्यापुढे केली. "चौसष्ट आहे. चौसष्टला मी ऑपरेशन करू शकते. मशीनच सांगतंय."

मी ट्रेमधलं कॅल्शियम भरलं, त्यांना कुपी दाखवली, मुल्लासरांनाही दाखवली आणि हळूहळू दिलं. मॉनिटरवर हृदयाच्या रेषेची उंच झालेली टोकं खाली आली. त्या पाच मिनिटांत मी मनाशी हिशेब केला. ऑपरेशनला तास लागणार. पोटरीत चाकू लांबवर चालणार, शेजारी शीर आणि धमनी. मुल्लासर भूल देणार, आणि त्यांच्याही आकड्यात माझंच माप. मी बाजूला उभी राहून काय काय पकडणार होते? मीच तीन दिवसांची जागी. एक कुपी दिसली, कारण ती वेगळ्या जागेवरून आली.

"मॅडम, तो आकडा तुमचा नाही," मी म्हणाले. "फेब्रुवारीत तुमची चाचणी मी दिली होती. चष्म्याविना. मुल्लासरांची पण मीच दिली. सगळ्यांच्या मीच दिल्या. म्हणून आपण हिरवे आहोत, आणि म्हणूनच कुणी येत नाही."

मुल्लासरांनी पट्टीकडे पाहिलं आणि ते हळूच भिंतीला टेकले.

"आत्ता सांगताय?" केतकीमॅडम म्हणाल्या. "आत्ता? कालपासून माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

टेबलाभोवती ओढलेल्या पडद्याआडून रंजनाचा आवाज आला, "बाई, काय झालं? काय चाललंय?"

"काही नाही गं. गप पड तू," मी म्हणाले.

भिंतीवरच्या 'सोबत'च्या पडद्यावरून मी मदत-कक्षाला कळवलं. तिथे कुणी तरुण डॉक्टर ड्युटीवर होता. त्याने दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाला, की खरी मापं नाहीत तर वयाच्या सरासरीवर मोजू, दोघा डॉक्टरांनी तीन मिनिटं ठिपके दाबावेत. केतकीमॅडमनी रागारागाने पट्टी समोर धरली आणि दाबायला सुरुवात केली. मी शेजारी उभी होते. त्या नजर न हलवता बघत होत्या, आणि लाल ठिपके येत होते, जात होते, बोट हलत नव्हतं. मग एकदम दचकल्यासारख्या त्या तीन-चार वेळा भराभर दाबायच्या. तीन मिनिटं संपली. आकडा आला सतरा. खाली आलेख होता. तीन मिनिटांत त्या नऊ वेळा झोपल्या होत्या.

"मी जागी होते," त्या म्हणाल्या. "सिस्टर, तुम्ही बघत होतात ना? मी जागी होते!"

मुल्लासर चौदा. त्यांनी आकडा वाचला, मान हलवली आणि जमिनीवर बसले. बसल्या जागी त्यांना झोप लागली.

पोलादी कपाटाचा दिवा लाल झाला. आंबळखोऱ्याची सरासरी एकोणीसवर आली आणि आमचं नाव यादीत सगळ्यात वर गेलं. मदत-कक्षातला डॉक्टर म्हणाला, "तुकडी निघतेय. दोन तास दहा मिनिटं. तोवर सलाइन चालू ठेवा. चिरायचं नाही."

"दोन तासांत पाय जाईल," केतकीमॅडम त्याला म्हणाल्या. "कपाट उघडा. पाऊण तास द्या मला. फक्त पाऊण तास."

"सतरावर नाही उघडता येत, मॅडम."

"मी जागेवर बधिर करून करते. त्याला कपाट लागत नाही." त्यांनी चाकू उचलला. मी टेबलाच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले. माझी उंची त्यांच्या खांद्याएवढी. त्यांनी ढकललं असतं तर मी पडले असते.

"सिस्टर, बाजूला व्हा. ती वाड्या-वाड्या पायी फिरते. तिचं सगळं आयुष्य त्या पायावर आहे."

"मला माहीत आहे."

"मग व्हा ना बाजूला! माझ्याकडून चूक होईल हे तुम्हाला माहीत नाही. कदाचित नीट होईल."

"होईलही," मी म्हणाले. "मगाशीही तुमचा हात थरथरत नव्हता, मॅडम."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चाकू ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला. त्या कोपऱ्यात जाऊन तोंड भिंतीकडे करून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्याजवळ गेले नाही. पुढचे दोन तास मी रंजनाजवळ बसून तिची लघवी मोजत होते आणि तिच्या पावलाला हात लावून बघत होते. पाऊल गार पडत चाललं होतं. साडेतीनला मी हात लावायचं सोडून दिलं.

चार वाजता हेलिकॉप्टर आमच्या पटांगणात उतरलं. आठ माणसं होती. तीन दिवसांत पहिल्यांदाच झोपून उठलेली, आंघोळ केलेली माणसं दिसली. त्यांच्या सर्जननी, पन्नाशीच्या शांत गृहस्थांनी, पोटरी उघडली. स्नायू करडा पडला होता. "दोन तास आधी..." एवढं बोलून त्यांनी केतकीमॅडमकडे पाहिलं आणि वाक्य अर्धवट सोडलं. पाच वाजता रंजनाचा पाय गुडघ्यावरून काढला. रंजना वाचली. मूत्रपिंडं वाचली. पाय गेला.

त्यांच्यातल्या एका सिस्टरने मला खुर्चीत बसवलं, माझ्या हातात चहा दिला आणि माझ्या चपला स्वतः काढल्या. मी उठायला लागले तर तिने खांद्यावर हात ठेवला. "बसा काकी. आता तुम्ही पेशंट." मला रडू फुटलं. आयुष्यभर मी लोकांना 'बसा' म्हणत आले होते. मला कुणी म्हणालं तर काय करायचं असतं हे मला माहीत नव्हतं. केतकीमॅडम ओपीडीच्या बाकावर चौदा तास झोपल्या. त्यांच्या अंगावर कुणीतरी हेलिकॉप्टरमधलं घोंगडं टाकलं होतं.

अकरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. कामाचं बोलायच्या, बाकी अळीमिळी गुपचिळी. चौकशी लागली तेव्हा मी लिहून दिलं की चाचण्या मी दिल्या, माझ्या मर्जीने. मॅडम आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "मी सांगितलं त्यांना," त्या म्हणाल्या. "की मी तुमच्याकडून करवून घेतलं. तुमचं लिहिलेलं अर्धवट होतं." दोघींना ताकीद मिळाली. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं, जमलं असतं मला?"

"मला माहीत नाही, मॅडम."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर झोपू देत नाही."

रंजनाला हे सगळं कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की हेलिकॉप्टर उशिरा आलं. कुणी नाही तर मी सांगायला हवं होतं, आणि ते धाडस गोळा करायला मला संक्रांत उलटावी लागली. एका सकाळी मी वरच्या वाडीला गेले. ती अंगणात पत्र्याच्या शेडसमोर बसून तांदूळ निवडत होती, कुबड्या शेजारी. तिने मला बसायला पाट दिला. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं: पट्ट्या, चाचण्या, माझं एक दिवस गप्प राहणं, ती कुपी, मॅडमचा चाकू आणि मी मध्ये उभी राहिले ते.

ती निवडत राहिली. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "म्हंजी सुईनं मी मेले असते. ती तुमी धरली."

"हो."

"आन चाकू बी तुमीच धरला. त्येनं मेले असते का पाय वाचला असता, ते ठावं न्हाई."

"नाही ठाऊक."

तिने सूप खाली ठेवलं. "बाई, त्या दिशी तुमी समदे माज्या उशाशी भांडत हुता. डॉक्टरीनबाई म्हनं कापते, तुमी म्हनं न्हाई. त्यो फोनवरचा म्हनं कुलूप. पडद्याच्या आत म्या जागी हुते. समद्यांत म्याच एकली नीट जागी हुते. पाय माजा हुता. मला का न्हाई विचारलं?"

अठ्ठावीस वर्षांत मी किती जणांच्या वतीने काय काय ठरवलं असेल, ते सगळं आठवलं. मी विचारलं, "विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

रंजनाने माझ्याकडे सरळ बघितलं. डोळ्यांत राग होता की नव्हता, मला कळलं नाही.

"आता काय सांगू, बाई?" ती म्हणाली. "तवा विचारायचं हुतं."